जेवढं भरलं तेवढं गळलं

आधीच माफी मागतो. मला लिहिता येत नाही. परीक्षेत उत्तरं लिहिली आहेत, एक प्रकल्प-अहवाल लिहिला आहे, त्यापलीकडे काही नाही. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर तो नीट माहीत असावा लागतो, आणि ह्या माणसाला मी सगळे मिळून सहा-सात महिने भेटलो. शिवाय त्यांच्याबद्दल लिहिण्याचा हक्क मला आहे का, तेही मला ठाऊक नाही. वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य होतं, "खाली बसू नको."

अंधेरीतल्या एका मोठ्या काचेच्या इमारतीच्या दुसऱ्या तळघरात, मशीनच्या पायथ्याशी उकिडवा बसून मी पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर वहीत उतरवत होतो. मागून कोणीतरी माझी कॉलर धरली आणि मांजराच्या पिल्लासारखं मला उभं केलं. वळून पाहिलं तर निळ्या शर्टातले एक किडकिडीत गृहस्थ. पन्नाशी उलटलेली, कानामागे पेन्सिल.

"खाली बसू नको. काय बघायचं ते उभ्याने बघ. घाबरलास?"

"नाही."

"मग घाबर. हय घाबरणारोच टिकता."

त्यांना सगळे काका म्हणत. मीही म्हणू लागलो.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मॉलमध्ये, हॉस्पिटलात, मोठ्या ऑफिसात एखादं करड्या रंगाचं दार अचानक उघडतं, आतून गरम हवेचा झोत येतो आणि एक माणूस उजेडात डोळे बारीक करत बाहेर पडतो. आपण बाजूला होतो आणि विसरून जातो. वर बाराशे माणसं गार हवेत बसलेली असतात, ती कोणामुळे, हे त्यांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

मी तिथे कसा गेलो ते सांगायला हवं. मी पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बाबा टेम्पो चालवतात, आई जोगेश्वरीच्या आमच्या खोलीत बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवते. वर्गातल्या बाईंनी प्रकल्प दिला होता: उपनगरातल्या मोठ्या इमारतींमधून हवा तापवणारे वायू किती बाहेर पडतात ते मोजायचं. मला वाटलं, काचेची इमारत, तिला ना धुरांडं ना भट्टी, ती काय सोडणार? बाईंनी फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या. इमारत वीज ओढते, ती बनवायला दुसरीकडे कुठेतरी कोळसा जळतो. वीज गेली की जनरेटरमध्ये डिझेल जळतं. आणि तिसरी, जी सगळे विसरतात: गार करणाऱ्या मशीनमधला वायू. तो गळला तर त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या हजार किलोंहूनही जास्त भारी पडतो.

"पण गळलेला वायू मोजायचा कसा, बाई?" कोणीतरी विचारलं.

"सोपं आहे. बंद भांडं आहे ते. वर्षभरात जेवढं भरलं तेवढं गळलं."

मी ते वाक्य वहीत चौकट करून लिहिलं.

इमारतीत जायची मला फार भीती वाटायची. स्वागतकक्षातली मुलगी इंग्रजीत विचारायची आणि माझ्या तोंडून पहिले दोन शब्द बाहेर पडून तिसरा आत राहायचा. तळघरात भीती वेगळी होती. मशीनची घरघर छातीत शिरायची. त्याला चिलर म्हणतात. बाबांच्या टेम्पोपेक्षा मोठं, सगळ्या इमारतीचं पाणी गार करणारं. काका त्याला 'म्हातारी' म्हणायचे. आत शिरले की आधी तिच्या अंगावर तळवा ठेवायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे.

"आज कुरकुरतेय," ते म्हणायचे. "सून बोलली असेल काहीतरी."

सून म्हणजे शेजारचं नवं मशीन, जे दोन वर्षांपासून बंद पडलेलं होतं.

खाली का बसायचं नाही, ते त्यांनी मला दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. मशीनमधल्या वायूला ना रंग ना वास. तो हवेपेक्षा जड. गळला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि हवेला वर ढकलतो. उभ्या माणसाला पत्ता लागत नाही; बसलेला माणूस आधी पेंगतो.

"आणि मग?"

"मग काय मेल्या, मग झोपतो." ते हसले. मला हसू आलं नाही. भिंतीवर गळती दाखवणारा एक छोटा डबा होता, त्याची वायर लोंबत होती. मी बोट दाखवलं.

"तो सारखो बोंबलायचो," काका म्हणाले. "सायबांनी वायर काढायला लावली."

"आणि तुम्ही काढलीत?"

ते वर गरगरणाऱ्या एक्झॉस्टच्या पंख्याकडे बघून म्हणाले, "तो आहे ना. तो चालू आहे तोवर मी आहे."

वायू किती भरला याची नोंद मला कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडत नव्हती. वीज होती, डिझेल होतं, वायूचा रकाना कोरा. एक दिवस काकांनी मला टेबलाशी बोलावलं. भिंतीवर घरोघरी असतं तसं मराठी कॅलेंडर होतं. तुमच्या घरीही आई त्यावर दुधाचे खाडे लिहीत असेल, गॅसचा बाटला लावला ती तारीख लिहीत असेल. काकांनीही तेच केलं होतं. एकादशी आणि संकष्टीच्या मधल्या चौकोनांत पेन्सिलीने बारीक अक्षरात: 'बाटला १'. 'बाटला १'. 'बाटला २'.

"रजिस्टरात लिहू नको म्हणाले. कॅलेंडरवर लिहू नको असं कोण म्हणालं?"

मी पानं उलटली. उन्हाळ्यात महिन्याला एक. आषाढात दोन. श्रावणात दोन. भाद्रपदात तीन. मी प्रत्येक पानाचा फोटो काढला. दोन फोटो हलले, ते पुन्हा काढले.

"हे वाढतंय, काका."

"माका दिसता रे. म्हातारीचं सील गेलंय, सांध्यातून गळतंय. मी चार वेळा लिहून दिलंय."

त्या संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते ओरडले नाहीत. चहा मागवला. मला वाटतं, ओरडले असते तर मी कदाचित बरा वागलो असतो.

"तू स्टुडंट आहेस ना? प्रोजेक्ट कर, सही घे, मार्क घे. ते गॅसबिस कशाला उकरतोस?"

"सर, बाईंच्या फॉर्ममध्ये रकाना आहे."

"मग शून्य लिही ना यार. खाली लॉबीत आपलं ग्रीन सर्टिफिकेट लावलंय, बघितलंस? उद्या तुझा आकडा कोणी बघितला तर माझी वाट लागेल. माझ्या वर पण माणसं आहेत रे." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खालच्या माणसाला कोण ठेवेल, त्याचा पण विचार कर."

मी विचार केला. सहीशिवाय प्रकल्प नाही, प्रकल्पाशिवाय पदवी नाही, आणि घरी आई शेजारणीला सांगून बसली होती की पोरगा यंदा ग्रॅज्युएट होतो. काकांची नोकरीही डोळ्यांपुढे आणली. खरं सांगायचं तर ती मी आधार म्हणून आणली. मी रकान्यात शून्य लिहिलं. साहेबांनी सही केली. चहा संपवून जा म्हणाले. मी संपवला.

काकांना मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. उलट म्हणाले, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी ये. ऑफिसला दसऱ्याची सुट्टी, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच पूजा करतो. म्हातारीला साडी नेसवायची बाकी ठेवतो, एवढंच."

गेलो. सकाळचे अकरा वाजले असतील. मशीनला झेंडूची माळ, नट आवळायचे पाने आणि पक्कड पाटावर मांडलेली, त्यांच्यावर हळदकुंकू. सफाईच्या मावशी जमिनीवर बसून रांगोळी काढत होत्या. काकांनी त्यांना नेहमीचं वाक्य ऐकवलं नाही. आज ते स्वतःही बसणार होते. मला म्हणाले, "वर्षातून एकदाच वाकतो तिच्यापुढे. तेवढं चालतं."

दरवर्षीचा रिवाज असा होता: पूजेपुरतं, अर्धा तास, म्हातारीला विश्रांती द्यायची. ती थांबली. कानांना इतकं शांत वाटलं की मी घाबरलो. मग काकांनी निरांजन लावलं, ते फडफडलं. "पंखा," ते म्हणाले, मशीनच्या मागे गेले, आणि एक्झॉस्टचा पंखाही बंद केला. दिव्याला वारा लागू नये म्हणून. गेली कित्येक वर्षं ते असंच करत होते.

मशीन थांबलं की आतला दाब सगळीकडे सारखा होतो आणि चालू असताना जिथून थोडं गळतं तिथून जास्त गळू लागतं, हे मला नंतर बाईंनी सांगितलं. काकांना ते माहीत असणारच. पण पूजेच्या वेळी माणूस मशीन म्हणून मशीनकडे बघत नाही.

साहेब नारळ फोडायला यायचे होते, त्यांची वाट बघत आम्ही थांबलो. दहा मिनिटं. पंधरा मिनिटं. मावशी गुडघ्यावर हनुवटी टेकून म्हणाल्या, "मेलं आज उपासाने गरगरतंय मला."

पाटापुढच्या जमिनीवर ठेवलेलं निरांजन विझलं.

"वात भिजली असेल," काका म्हणाले. त्यांनी काडी ओढली. काडी त्यांच्या छातीशी चांगली जळत होती. ती खाली नेली तशी ज्योत निळसर झाली, आखडली, आणि गेली. त्यांनी दुसरी ओढली. मी बघत होतो. छातीशी पिवळी, कमरेशी बारीक, गुडघ्याशी नाही. कसलातरी तिखट वास नाकात शिरला, डोळे झोंबले. बिनवासाचा तो वायू ज्योतीत तापला की असा वास येतो, हे मला नंतर कळलं.

तिसरी काडी त्यांनी पेटीतून काढली आणि ओढली नाही. ते उभे राहिले. आवाज चढवला नाही.

"उठा. सगळ्यांनी उठा. मावशीला धर."

 तुम्हाला खोटं का सांगू? मी मावशींकडे नाही, दाराकडे बघत होतो. काकांनी माझ्या पाठीत जोरात गुद्दा मारला. "धर तिला, मेल्या!" मग मी धरलं. त्या भाताच्या पोत्यासारख्या जड लागल्या. दार, मग पार्किंग, मग वर जाणारा उतार. तिथे मी त्यांना भिंतीला टेकवलं. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "माझी चप्पल आत राहिली."

मागे वळून पाहिलं तर काका दारातच होते. पार्किंगमध्ये चार-पाच गाड्या होत्या आणि त्यांत ड्रायव्हर काचा खाली करून झोपले होते; वायू दारातून तिकडेच पसरला असता. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि आत गेले. पंख्याचं बटण मशीनच्या मागे होतं, म्हणजे पूर्ण खोली ओलांडून.

मी मोजत होतो. का, ते माहीत नाही. त्रेपन्नपर्यंत मोजलं तेव्हा पंख्याचा आवाज आला. मग पुन्हा मोजू लागलो. काका येईनात. मी दारापर्यंत गेलो आणि आत पाऊल टाकलं नाही. ते भिंतीला धरून, आंधळ्यासारखे चाचपडत बाहेर आले आणि माझ्या बुटांवर ओकले.

तेवढ्यात साहेब उतारावरून खाली आले. हातात नारळ. "काय रे, सुरू केलं का माझ्याशिवाय?"

काका चार दिवस हॉस्पिटलात होते. मी तिसऱ्या दिवशी गेलो. खोकला होता, आवाज बसला होता. काकी बाहेर औषधं आणायला गेल्या होत्या. मी पलंगाजवळ उभा राहिलो.

"आता बस रे," ते म्हणाले. "हे हॉस्पिटल आहे."

बसलो. मग सगळं सांगून टाकलं. शून्य, सही, चहा. ते छताकडे बघत ऐकत होते.

"मी पण सही केलीय," ते म्हणाले. "काल साहेब कागद घेऊन आले होते. दिवा लावल्यामुळे धूर झाला, चूक माझी. गळती नव्हती."

"काका, कशाला केलीत?"

"दुसरीकडे लागायचं तर नाव खराब नको. ह्या वयात कोण घेतो?" त्यांनी खोकून घेतलं. "पण माझी सही माझ्या कागदावर. तुझ्या कागदावर नाय. फोटो आहेत ना कॅलेंडरचे?"

"आहेत."

"मग लिही."

"तुमची नोकरी जाईल."

"म्हातारी बंद झाली तर नोकरी जाईल. चालू राहिली तर कोणतरी माणूस जाईल. मावशी जात होती ना रे." मग डोळे मिटून म्हणाले, "घाबरत घाबरत लिही. हात कापला तरी अक्षर वाचता येतं. माझं येतंच ना?"

मी बाईंकडे गेलो. त्यांनी फोटो एकेक करून पाहिले. मग शून्य खोडलं नाही, नवा फॉर्म दिला. मी बाटले मोजले, किलो काढले, गुणाकार केला. वर्षभराच्या डिझेलपेक्षा, काही महिन्यांच्या विजेपेक्षाही तो एक रकाना मोठा निघाला. खाली टीप लिहिली: नोंद भिंतीवरील कॅलेंडरवरून, गळतीसूचक यंत्राची वायर काढलेली आढळली. इमारतीची सही नव्हती. बाईंनी स्वतःची केली आणि अहवाल जिथे पाठवायचा तिथे पाठवला. पुढचे काही आठवडे फोन वाजला की मी आधी नंबर बघायचो, मगच उचलायचो.

दिवाळीनंतर म्हातारी बंद केली. गच्चीवर नवी, लहान मशीनं बसली. ती संगणकावरून चालतात, त्यांना बघायला कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो. मावशींनी फोन करून सांगितलं, "काकांना काढलं रे." मी त्यांना फोन लावला तर ते खुशीत होते.

"गावी आलोय रे झिला. काजूची कलमं लावलीत. नाहूरची राहती खोली लेकाला सोपवली. मजेत आहे."

मला किती हलकं वाटलं, सांगता येत नाही. मनात काजूची बाग उभी केली, तीत काका बसलेले. हो, बसलेले. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी मी फोन करायचो. ते माझ्या मार्कांची चौकशी करायचे, बाईंना नमस्कार सांगायचे. मागे कायम घुं-घुं आवाज यायचा. एकदा विचारलं तर म्हणाले, "विहिरीवरचा पंप. शेजाऱ्याचा. दिवसभर चालू ठेवतो मेला." आणि हसता हसता खोकले. मी खोकल्याबद्दल विचारलं, पंपाबद्दल पुन्हा विचारलं नाही.

चैत्रात फोन लागेनासा झाला. गावी रेंज नसेल, असं मी धरून चाललो. परीक्षा होती. पास झालो. आईने चाळीत पेढे वाटले. एक पुडी काकांसाठी वेगळी ठेवायची म्हणून मी मावशींना फोन केला, गावचा पत्ता विचारायला.

"कसलं गाव?" मावशी म्हणाल्या. "तो गावी गेलाच कधी? मुलुंडला लागला होता ना, एका टॉवरमध्ये. तिथेच, मशीनवर."

"लागला होता म्हणजे?"

 मावशींच्या मागे सफाईची बादली कोणीतरी सरकवल्याचा आवाज आला.

"तुला कोणी सांगितलं नाय? मलाच परवा कळलं. अरे बाळा, गेला तो. मशीनच्या खोलीत सापडला सकाळी. डॉक्टरने कागदावर हार्ट लिहिलं." मग त्या पुढे म्हणाल्या, "त्याचा फोन बंद पडला, म्हणून काकीने तुझा नंबर शोधला म्हणे खूप, बाराव्याला बोलवायला. तू येशील ना रे एकदा तिच्याकडे?" आणि मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, "दोन महिने झाले त्याला."